एका दिवसाची गडभक्ती

दिवाळी चार दिवसांवर आली, की आमच्या आळीतल्या मुलांचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखतात. कुणाच्या घरचे गोणपाट, कुणाच्या अंगणातल्या विटा, कुठल्या तरी बांधकामावरून न विचारता आणलेली माती, यांतून एक डोंगर उभा राहतो. त्यावर तट येतो, बुरूज येतात, शिखरावर महाराज बसतात आणि पायथ्याशी बाजारातून आणलेल्या मावळ्यांची गस्त सुरू होते. पण एवढे झाले तरी किल्ला पुरा झाला असे मुले मानीत नाहीत. आईकडून मूठभर मोहरी नाहीतर अळीव मागून आणतात, ओल्या मातीवर पेरतात, आणि रोज सकाळी पाणी शिंपडून कोंब आले का ते पाहतात. हिरवळ उगवली म्हणजे मग किल्ला झाला. नुसत्या बोडक्या ढिगाऱ्याला आमच्याकडचे शेंबडे पोरही किल्ला म्हणत नाही.

गेल्या दिवाळीत असाच एक किल्ला पाहायला मुलांनी मला बोलावून नेले. मी मास्तरकीच्या सवयीने बुरुजांची नावे विचारली, भुयाराचे कौतुक केले आणि परतायला निघालो. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने, हातातली मोहरी पेरता पेरता, वरही न बघता मला विचारले, “सर, आपण या किल्ल्यावर झाडं लावतो. मग त्या खऱ्या किल्ल्यावरची का तोडली?”

मी काहीतरी उत्तर दिले. ते काय दिले ते आता आठवत नाही, यावरूनच ते किती पोकळ होते हे वाचकांच्या लक्षात येईल. खरे उत्तर द्यायला मला एक वर्ष लागले. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. आणि त्यात काही सज्जनांवर टीका आहे, तेव्हा आरंभीच सांगून ठेवतो की त्या सज्जनांच्या रांगेत पहिला उभा मीच आहे.

तो खरा किल्ला म्हणजे वसईचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून किल्ल्याची बस धरली, की गाव मागे पडते आणि रस्ता तटाच्या आत शिरून पुढे किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे निघून जातो. डोंगरी किल्ले चढण्याची सवय असलेल्या माणसाला हा किल्ला वाटतच नाही. एखाद्या मोठ्या जहागीरदाराची वाडी असावी, धनी परागंदा व्हावा आणि मागे झाडांनी ताबा घ्यावा, तसे ते दृश्य आहे. सुमारे ११० एकरांचे तटबंद आवार. त्यात ताड आहेत, चिंचा आहेत, वड, पिंपळ, उंबर आहेत. खाडीच्या अंगाला तिवरांची दाटी आहे. आणि या झाडीतून मधूनच छप्पर गेलेले एखादे चर्च, एकटाच उभा राहिलेला मनोरा, कुठेच न पोचणारा जिना डोके वर काढतो. भर दुपारीही आत सावली असते. सेंट अँथनीच्या भग्न चर्चमध्ये जमिनीवर जुन्या थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. डोक्यावर मात्र छताऐवजी आभाळ.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे दोनशे वर्षे या तटाच्या आत एक संपन्न शहर नांदत होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तटाला खिंडारे पाडली आणि किल्ला घेतला. त्या मोहिमेत मिळालेल्या पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला आणि तहाने तो परत केला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली. पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले. सर्वांत शेवटी झाडे आली, आणि ती मात्र अजून गेलेली नाहीत.

आता माझी हकीकत सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी, एका उत्साही मंडळाने किल्ल्यात सफाईची मोहीम काढली. ‘गडकोट आपले दैवत’ असा फलक होता, डोक्यांवर एका रंगाच्या टोप्या होत्या, नारळ होता, घोषणा होत्या. मी माझ्या वर्गातली वीस मुले घेऊन गेलो. परवानगीचा कागद कुणी आणला होता का, हे मी विचारले नाही. या कामात जाणता माणूस कोण आहे, हेही विचारले नाही. मला कोयता मिळाला आणि माझ्या मुलांना झाडे मिळाली.

एका पडक्या भिंतीत कोनाडा होता आणि कोनाड्याच्या कमानीतून मनगटाएवढा पिंपळ बाहेर आला होता. आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. पण आमच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी हात आडवा केला. पिंपळ मुळापासून काढायचा नसतो म्हणाले. पाप लागते, शिवाय त्यावर मुंजा असतो. चर्चा झाली. अखेर तोड निघाली की फांद्या आणि खोड छाटावे, बुंधा तेवढा ठेवावा. म्हणजे किल्ल्याचीही सेवा झाली आणि मुंजाचेही बिऱ्हाड मोडले नाही. मी स्वतः कोयता चालवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच कोनाड्याखाली सावली बघून आम्ही डबे उघडले, फोटो काढले, आणि संध्याकाळच्या गाडीने प्रशस्तिपत्रे घेऊन घरी आलो.

पुढे दोन पावसाळे गेले. नव्या वर्गातल्या मुलांना किल्ला दाखवायला मी पुन्हा गेलो आणि मोठ्या हौसेने त्यांना ‘आपण साफ केलेल्या’ भिंतीपाशी नेले. तिथे पिंपळ होताच. एका खोडाच्या जागी पाच कोंब आले होते, बुंधा मांडीएवढा झाला होता, आणि कमानीचे चार दगड सुटून खाली पडले होते. जिथे पडले होते, तिथेच आम्ही डबे खाल्ले होते. मी ते दगड पाहिले, मुलांना चार हात मागे घेतले, आणि त्या दिवशी त्यांना काहीच शिकवले नाही.

आमच्या शेजारच्या वाडीत एक म्हातारे गवंडी राहतात. चुन्याच्या जुन्या कामात त्यांचा हात बसलेला. त्यांना मी हा प्रकार सांगितला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “मास्तर, केस कापल्यानं माणूस मरतो काय? तुम्ही पिंपळाची हजामत केलीत. तो काय, दाढी वाढवून परत बसला.”

मी म्हटले, “मग उपटून काढायला हवा होता?”

“मनगटाएवढा झाल्यावर उपटाल तर भिंत घेऊनच येईल. दोन पानं दिसतात ना, तेव्हा काढायचा. चिमटीत येतो. चिमटीत येत नसेल तर आपण हात लावायचा नाही; मग ते आमचं काम. मूळ कुठवर गेलंय बघायचं, भिंतीला आधार द्यायचा, दगडावर नंबर घालून उतरवायचे, मूळ पुरतं काढायचं, पोकळी चुन्यानं भरायची, आणि दगड परत बसवायचे. एका पिंपळाला आठ दिवस लागतात. तुम्ही रविवारी किती काढलेत?”

“चाळीस,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते.

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. वनस्पतिशास्त्र मी शिकलो नाही. पण त्यानंतर मी विचारीत गेलो, वाचीत गेलो, आणि जे समजले ते अगदी साधे आहे. वड, पिंपळ, उंबर यांची फळे बुलबुल, साळुंक्या, कोकिळा आणि वटवाघळे खातात आणि बी विष्ठेवाटे तटावर पडते. जुन्या भिंतीतला चुना पावसाचा ओलावा धरून ठेवतो. बियाला तेवढे पुरते. मूळ पाण्याच्या वासावर सांधीतून आत जाते आणि जाड होऊ लागते. वरचे खोड छाटले म्हणून ते थांबत नाही. खाली साठवलेल्या बळावर नवे धुमारे फुटतात आणि मूळ जाड होतच राहते. दगडाला सरकायला पावसाळ्यामागून पावसाळे मिळतात. १७३९ मध्ये सुरुंगाने जे काम एका क्षणात केले, ते मोहरीपेक्षाही बारीक असे एक बी पन्नास वर्षांत करते. आणि आम्ही मंडळी दरवर्षी त्या सुरुंगाची वात नव्याने पेटवून, वर टाळ्या घेऊन येतो.

तेव्हा माझा पहिला आक्षेप या कोयत्याच्या भक्तीवर आहे. जमिनीत उभा असलेला ताड आणि कमानीत घुसलेला पिंपळ यांत जिला फरक कळत नाही, ती भक्ती नव्हे, ती घाई आहे. तटापासून दूर उभ्या असलेल्या चिंचेने किल्ल्याचे काय वाकडे केले आहे? उलट आमच्या किनाऱ्यावर पाऊस कसा कोसळतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की झाडे-गवत खरवडून काढलेली उघडी जमीन पहिल्या दोन सरींतच ओघळू लागते आणि भिंतींच्या पायांतली माती नेते. पण मोहिमेच्या दिवशी हे कोण पाहतो? जे कापायला सोपे ते आधी कापले जाते. करवंदाची जाळी, बोराटी, कोवळा ताड, सारे एका ढिगात. संध्याकाळी ढीग जितका उंच तितकी सेवा मोठी.

आणि मग तो ढीग पेटवतात. हे दुसरे पाप पहिल्याहून वाईट. उन्हाळ्याच्या तोंडाला वाळलेल्या गवताला काडी लावली की एका तासात रान ‘स्वच्छ’ होते. त्या तासात टिटवीची अंडी जातात, सरडे आणि मुंगसाची पिले जातात, पुढच्या पावसात वर येणारी रोपे जातात. तापलेल्या दगडाला तडे जातात आणि सांध्यातला चुना भुसभुशीत होतो. पिंपळाचे भिंतीआडचे मूळ मात्र शाबूत राहते. म्हणजे जे जाळायला नको ते सगळे जळते, आणि ज्याच्या नावाने काडी ओढली तो सुखरूप असतो.

हे वाचून काही रसिक माना डोलावतील आणि म्हणतील, “अगदी खरे. झाडांना हात लावूच नये. भग्न वास्तूला वेलींनी विळखा घालावा, वाऱ्याने पाने सळसळावीत, यातच सौंदर्य आहे.” या रसिकांशी मला दोन शब्द अधिक कडक बोलावयाचे आहेत, कारण मी त्यांच्यातलाच आहे. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायक-नायिकेची शेवटची भेट मी अशाच एका किल्ल्यात घडवून आणली आहे. चांदणे आहे, घुबड आहे, आणि भिंतीला ‘मायेने मिठी मारलेला’ एक उंबर आहे. वाचकांना ते प्रकरण आवडले. मलाही आवडले होते. आता त्या ओळीची लाज वाटते. मिठी कसली? घरात सासू दमेकरी होऊन खोकत असावी आणि आपण तिच्या खोकल्याच्या लयीवर कविता करावी, तसा तो प्रकार झाला. पडझड ज्याला सुंदर वाटते त्याला ती थांबावी असे वाटण्याचे कारणच उरत नाही. हल्ली लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी इथे येतात, सिनेमावाले येतात, मोबाईल घेतलेली कॉलेजची मुले येतात. सर्वांना तोच पिंपळ पाहिजे, तीच कोसळती कमान पाहिजे. कमान कोसळली, की ते पुढच्या कमानीपाशी उभे राहतात.

झाडे आणि पडकी वास्तू एकत्र नांदूच शकत नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. कंबोडियात ता प्रोह्म नावाचे मंदिर आहे. सातव्या जयवर्मन राजाने ११८६ साली ते बांधले. पुढे ते अरण्यात बुडाले. विसाव्या शतकात फ्रेंच संशोधकांनी अंगकोरची इतर मंदिरे साफ केली, पण हे एक मंदिर बव्हंशी झाडांसकट तसेच राखायचे ठरवले. छपरावरून उतरणाऱ्या त्या अजस्र मुळांची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील. पण छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी, की ते ‘तसेच राखणे’ फुकट होत नाही. तिथे कमानींना टेकू द्यावे लागतात, ढासळलेले दगड जुळवून पुन्हा रचावे लागतात, एकेका झाडाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. आणि या शतकाच्या आरंभापासून हे काम तिथल्या लोकांच्या बरोबरीने कोण करीत आले आहे? आपल्याच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तज्ज्ञ. म्हणजे विद्या आपल्या देशात आहे. ती कंबोडियाच्या अरण्यात चालते, तर वसईच्या ताडांत चालायला हरकत नसावी. कमतरता असलीच तर आपल्या धीराची आहे.

आता तिसरे एक टोळके आहे. ते मोहिमेलाही येत नाही आणि कविताही करीत नाही. ते म्हणते, “हा तर फिरंग्यांचा किल्ला. पडला तर पडला. आपल्या रायगडाकडे पाहा.” या मंडळींना मी विचारतो, चिमाजी आप्पांचे लोक कोणत्या तटाखाली मेले? तो तट पडला, तर त्यांचा पराक्रम तुम्ही नातवाला कुठे उभे करून दाखवणार? संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. १५९७ साली जपानात नागासाकी येथे त्यांना क्रुसावर चढवले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद दिले गेले; ते ज्या शहराचे, ते शहर हेच. याच तटाच्या आत नागेश्वराचे देऊळ आहे. वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्याचा आणि माझा आजा या एकाच झाडीच्या सावलीत बसलेला असतो. ज्या जागेत इतक्यांचे आजे बसले, ती एकट्या फिरंग्यांची कशी? आणि रायगडाचेच म्हणाल, तर २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड आहे, शिवनेरी आहे, वसई नाही. अभिमानाची गोष्ट आहे. पण बुलबुल यादी वाचून बी टाकीत नाही. वसईच्या कमानीत जो पिंपळ आहे, तोच उद्या त्या बारांच्या तटांवर आहे.

“मग सामान्य माणसाने करायचे तरी काय?” हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला, आणि तो खरा प्रश्न आहे. मुलांचा उत्साह मोडावा असे कोणत्या मास्तराला वाटेल? पण उत्साहाला आधी सांगितले पाहिजे की हे घर आपले असले तरी कायद्याने राखलेले घर आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित वास्तूला इजा करणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. मी माझ्या वीस मुलांच्या हाती कोयते दिले तेव्हा नागरिकशास्त्राचे पुस्तक माझ्या पिशवीत होते. त्यातला हा धडा मी त्यांना शिकवला नव्हता, कारण तो मलाच ठाऊक नव्हता.

आम्ही आता वेगळे करतो. शाळेत दोनशे पानांची एक वही घातली आहे. मुलांनी तिला ‘पिंपळवही’ असे नाव दिले आहे. महिन्यातून एकदा पाच-सहा मुले आणि मी किल्ल्यात जातो. कोयता नाही, काडेपेटी नाही, टोप्या नाहीत. भिंतीपासून चार हात दूर उभे राहून मुले पाहतात आणि लिहितात. कोणत्या भिंतीत, जमिनीपासून अंदाजे किती उंचीवर, किती पानांचे रोप दिसते. मागच्या महिन्यापेक्षा किती वाढले. कोणता दगड हलल्यासारखा वाटतो. एक मुलगी चित्र काढते. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा या नोंदींची नक्कल करून आम्ही ती पुरातत्त्व खात्याकडे पाठवतो. पत्र मुलांच्या अक्षरात असते आणि त्यात विनंती एकच असते: दोन पानांचा आहे तोवर तुमच्या जाणत्या माणसाकडून काढवा, मनगटाएवढा होऊ देऊ नका, आणि जमिनीतल्या झाडांना हात लावू नका. कोनाड्यातल्या आमच्या जुन्या पिंपळाला वहीच्या पहिल्या पानावर जागा दिली आहे. त्याच्यापुढे ‘गुरुजींनी छाटलेला’ असा शेरा मुलांनी मला न विचारता लिहिला. मी तो खोडला नाही.

हे काम मोठे नाही, आणि मोहिमेसारखे डोळ्यांत भरणारेही नाही. घरातल्या बाईचे काम असते तसे आहे. ती रोज केर काढते, रोज दिवा लावते, पावसाआधी कौले शाकारून घेते, वाळवी दिसली की त्याच दिवशी बघते. त्याला कुणी प्रशस्तिपत्र देत नाही. घर उभे राहते ते मात्र त्यावर. वर्षातून एक दिवस येऊन आरडाओरडा करीत माळा साफ करणाऱ्या पाहुण्यावर कुठलेही घर उभे राहिलेले नाही. आपले किल्ले पडताहेत ते शत्रूच्या हातून नव्हेत, आणि झाडांच्या हातूनही नव्हेत. झाड आपला धर्म पाळते. ओल दिसली की मूळ घालते. आपला धर्म होता वेळेवर पाहण्याचा, आणि तो आपण पाळला नाही. एवढे पाहणे टाळायचे, आणि मग वर्षाच्या शेवटी कोयता घेऊन त्याचा सूड झाडावर उगवायचा, ही गडभक्ती आता पुरे झाली.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या अंगणात, गच्चीवर, जिन्याच्या चौकात मुले किल्ला करतील. तो पाहायला जरूर जा. मी कालच जाऊन आलो. मला प्रश्न विचारणारा तो मुलगा यंदा नववीत गेला आहे. आता किल्ला करायचे त्याचे वय नाही असे त्याच्या आईचे म्हणणे, पण तो गडी कोपरापर्यंत मातीत होता. डोंगराच्या उतारावर, पायथ्याशी, तळ्याच्या काठी त्याने मोहरी दाट पेरली होती. तटावर आणि बुरुजांवर मात्र एक दाणा नव्हता. धाकटी बहीण तिथेही पेरायला निघाली, तर त्याने तिचा हात धरला.

“तट सोडून पेर गं,” तो म्हणाला. “बाकी सगळीकडे पेर.”